खडे वजा

सोनेतारण कर्जात बँक खड्यांचं वजन वजा करते. उरेल तेवढ्या सोन्याचीच किंमत! परवा एका आजींनी अंगठी तारण ठेवली. "लाल खड्याचे किती धरले?" "काहीच नाही, आजी." "अहो, सोनं आमच्या ह्यांनी आणलं. खडा मी पसंत केला होता!" आता हे कुठल्या रकान्यात भरायचं?

शास्त्र तर आमच्याहून कोरडं. माणिक आणि नीलम म्हणे एकच खनिज, कुरुंद. शुद्ध असेल तर बिनरंगी. किंचित क्रोमियम शिरलं की लाल, लोह आणि टायटॅनियम शिरलं की निळं. म्हणजे आपण जीव टाकतो तो भेसळीवर! (आणि दुधात पाणी निघालं की भांडतो.)

मग ज्याला तारणमूल्य नाही, त्याचा मोह खोटाच का? रविवारी तेरच्या लामतुरे संग्रहालयात गेलो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे मणी: दगडाचे, तसेच काचेचेही. काच आहे हे घेणारीला ठाऊक नसेल? असणारच. तरी रंग बघूनच घेतला असेल.

पुढे आजी अंगठी सोडवायला आल्या. मी वजन करून दाखवू लागलो. त्यांनी काट्याकडे पाहिलंच नाही. खडा पदराला पुसला, खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाल्या, "हाच आहे. द्या."