तेलाचा माग

पाना आधी खाली ठेवा, घाई नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. रेवसला होड्या वर ओढून शाकारलेल्या आहेत आणि धरमतरच्या खाडीपलीकडचं करंजा पावसाच्या सरीत नाहीसं होतंय. इंजिनापाशी निवांत बसायला वर्षातले हेच दिवस.

इंजिनावरची फळी उचला आणि शेजारी बसा. हात लावू नका, आधी वास घ्या. मग तळाच्या ओलाव्यात बोट बुडवून अंगठ्यावर चोळा. डिझेल पातळ, नाकात घुसणारं. ऑइल जड, चिकट, काळं. आता तेल मोजायचं गेज ओढून बघा. तेल खुणेपेक्षा वर चढलं असेल, तर कुठून तरी डिझेल किंवा पाणी आत शिरतंय. रंग दुधाळ असेल तर पाणीच. तो विचार निराळा आणि जास्त काळजीचा. आपण धरून चालू, की तेल कमी झालंय, म्हणजे ते बाहेर पडतंय.

कुठून पडतंय? सगळ्यात ओली जागा इंजिनाच्या मागच्या टोकाला दिसते, फ्लायव्हीलच्या घराखाली. मनात लगेच उत्तर उमटतं : मागचं ऑइल सील गेलं. ते उत्तर उमटू द्या, पण त्याच्या मागे जाऊ नका. ते इतक्या लवकर का आलं, हे बघा. ओल तिथे आहे म्हणून आलं, आणि धास्तीनेही आलं. कारण ते सील बदलायचं तर गिअरबॉक्स सोडवावा लागतो आणि खर्च तिथेच जास्त. भीती वाटते तोच दोष खरा, असं मन धरून बसतं.

आता होडीतलं इंजिन कसं बसवलेलं असतं ते आठवा. पंख्याचा दांडा मागे आणि खाली उतरत जातो, म्हणून इंजिनही मागे कललेलं असतं. पुढे, वर, बाजूला, कुठेही गळलं तरी तेल त्या उताराने मागेच येणार. कौलारू घरात थेंब माजघरात पडतो आणि फुटकं कौल पार आढ्याजवळ असतं, पाणी वाशावरून चालत आलेलं असतं. तसंच हे.

मांडव्याला रो-रो बोटीतून उतरणाऱ्या एखाद्या जुन्या स्पोर्ट्स कारचं दुखणंही याच जातीचं. तिथे उताराचं काम वारा करतो. गाडी धावताना तेल मागे मागे उडत जातं आणि मालक गिअरबॉक्सकडे संशयाने बघतो. एमजीएसारख्या १९५०च्या दशकातल्या गाड्यांत तर क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हतंच. तेल आत परतवणारे उलटे आटे होते, आणि गाडी उभी राहिली की चार थेंब पडायचेच. तो बिघाड नव्हता, ती घडणच तशी होती. इंजिन आपल्याला काय सांगतंय, हे त्याची घडण माहीत असल्याशिवाय कळत नाही.

तेव्हा नजर खालून वर न्या, सावकाश. तळाशी तेलाच्या चेंबरची कड. खाऱ्या पाण्याने गंजून त्या पत्र्याला सुईएवढं भोक पडलेलं असू शकतं, तिथे थांबा. मग फिल्टरची बैठक. प्रेशर गेजची बारीक नळी, जी थरथरून चिरते आणि पिचकारी मारते; दाबाखालचं तेल उताराचा नियम पाळत नाही, ते वरही उडतं. शेवटी माथ्यावरचं टॅपेट कव्हर. सगळीकडे तोच काळा थर दिसेल, आणि इथे कबूल करावं लागतं की मळलेल्या इंजिनावर नुसत्या नजरेने काही कळत नाही.

म्हणून धुवा. केरोसीन, ब्रश, चिंध्या. खाली डबा ठेवा. हे तेलकट केरोसीन खाडीत सोडायचं नाही, तिथल्या चिखलात खेकडे आहेत. पुरतं वाळू द्या. सांध्यांवर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरा. थंड करणाऱ्या पाण्याची सोय करून मगच इंजिन चालू करा आणि गरम होईपर्यंत थांबा. गार तेल घट्ट असतं, सांध्यात अडून राहतं. तापलं की पातळ होतं आणि वाट शोधतं.

आता फक्त बघा. फिरत्या पट्ट्यापासून हात आणि बाही दूर. पांढऱ्या पावडरीवर कुठेतरी एक करडा ठिपका उठेल. सगळ्यात वरचा ठिपका कोणता, तेवढंच टिपा.

तो टॅपेट कव्हरच्या कडेला असेल, तर बोल्ट करकचून आवळायची ऊर्मी येईल. माझ्या मते निम्मी पॅकिंगं याच ऊर्मीने मरतात. पॅकिंगचा कॉर्क चेपतो, फाटतो, कव्हरचा पत्रा वाकतो. नवं पॅकिंग घाला, बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीने आवळा.

आणि खरोखरच सील गळत असेल, तरी एक प्रश्न उरतो : तेल बाहेर ढकलतंय कोण? ब्रीदरची नळी काजळीने तुंबली असेल किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, तर आतला दाब वाढतो आणि तेल जिथे कच्ची जागा मिळेल तिथून निघतं. नवं सीलही मग तेवढंच गळतं. आधी ब्रीदर साफ करा. सील काढलंच, तर क्रँकच्या दांड्यावर नख फिरवून बघा. जुन्या सीलच्या ओठाने तिथे खाच पाडली असेल, तर नवं सील जागा असेल तितकं किंचित पुढे-मागे बसवा, म्हणजे ओठ अखंड धातूवर टेकेल.

सगळं बसवल्यावर खाली कोरा पुठ्ठा सरकवा, पुन्हा चालवा, पुन्हा बसा. थेंब पडला तर काम बाकी आहे. नुसती ओल दिसली तर मी तरी ती राहू देतो. म्हाताऱ्या इंजिनाला कोरडंठाक करण्याच्या हट्टात चांगले आटे मारलेले पाहिले आहेत.

गेजवरच्या खुणेची खात्री मात्र होडी पाण्यात उतरल्यावरच करा. किनाऱ्यावर ती वेगळ्याच कलाने उभी असते, आणि तेलाची पातळी त्या कलाप्रमाणे बदलते.