तुरुंगाच्या दाराबाहेर

शिक्षा संपते म्हणजे नेमके काय संपते? कोर्टाने ठरवलेली मुदत संपते, लोकांच्या मनातली संपत नाही. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून सुटलेला माणूस आमच्या सौंदडला उतरला, तर तो घरी पोहोचण्याआधी त्याची बातमी पोहोचेल. त्याला खोली कोण देणार? कामावर कोण ठेवणार?

ख्रिस्ती मंडळींनी या प्रश्नाचे उत्तर कृतीतून शोधले. १८८३ साली मेलबर्नमध्ये मुक्तिफौजेचे लोक सुटणाऱ्या कैद्यांना तुरुंगाच्या दारातच गाठून आसरा देऊ लागले. वॉटरगेट प्रकरणात तुरुंगवास भोगलेल्या चार्ल्स कोल्सन यांनी १९७६ साली अमेरिकेत प्रिझन फेलोशिप स्थापन केली. आपल्या देशात १९८१ साली केरळमध्ये प्रिझन मिनिस्ट्री इंडियाचे काम सुरू झाले. रीत साधीच आहे. आत असताना भेटायचे आणि सुटल्यावर निवारा व काम मिळवून द्यायचे.

हे सांगितले की आमच्यात कुणीतरी विचारतेच, ‘यामागे धर्मांतर तर नाही?’ प्रश्न विचारायला हरकत नाही. भाकरीला श्रद्धेची अट घालणे कोणत्याही धर्माला शोभत नाही. पण मग दुसरा प्रश्नही विचारावा लागेल. ते दारात उभे होते, तेव्हा आम्ही कुठे होतो?

नव्व्याण्णव खून करून तौबेची वाट शोधणाऱ्या माणसाची हदीस आम्ही सर्वांनी ऐकली आहे. तुला माफी नाही, असे सांगणाऱ्याचाही त्याने जीव घेतला. पुढे एका आलिमने त्याला सांगितले की तौबेचे दार उघडे आहे, मात्र आपले गाव सोड आणि अमुक गावी जा, तिथे नेक माणसे राहतात. आम्ही दाराची गोष्ट सांगतो, गावाची विसरतो. तौबा करणाऱ्याला गाव लागते. ते गाव आम्ही व्हायचे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

ज्याच्या घरी चोरी झाली, ज्याचा माणूस गेला, त्याने सारे विसरावे असे आम्ही म्हणत नाही. माफ करण्याचा हक्क त्याचाच. आमच्या हाती आहे ती फक्त संधी. शिवाय तुरुंगात गेलेला प्रत्येकजण गुन्हेगार ठरलेला नसतो. २०१९च्या सरकारी आकडेवारीत देशातील कच्च्या कैद्यांपैकी १८.७ टक्के मुस्लिम होते, तर २०११च्या जनगणनेत आपली लोकसंख्या १४.२ टक्के. यांतले जे निर्दोष सुटतात, त्यांनाही डाग घेऊनच परतावे लागते.

कैद्याला जेवू घालणाऱ्यांचा कुरआनने गौरव केला आहे. जकातीच्या हक्कदारांत कर्जात बुडालेलेही आहेत, आणि वकिलाच्या फीपायी बुडालेली घरे आमच्याच मोहल्ल्यांत आहेत. हजरत यूसुफ (अ.) यांचा तुरुंगातला सोबती सुटला आणि राजापुढे त्यांचे नाव काढायचे विसरला, त्या विसरण्यापायी त्यांना आणखी काही वर्षे आत काढावी लागली. विसरणे वरवर किरकोळ दिसते. त्याची किंमत मात्र दुसऱ्याला मोजावी लागते. यंदा रमजानमध्ये जकातीचा हिशोब करताना मशीद कमिटीने एवढे तरी विचारावे: आपल्या वस्तीतले कोण आत आहे, आणि ते कधी सुटणार आहे?