दोन ठोक्यांच्या मध्ये

बसा. पाठ टेकवा. हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवा.

समोर स्क्रीन आहे. तिच्यावर लॉगच्या ओळी सरकतायत. कुणी लॉगिन केलं, कुणाचं पेमेंट अडलं, कुठली क्वेरी रेंगाळली. वाचू नका. नुसतं सरकणं पाहा.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता ओळी थांबतात.

तुम्हीही थांबा. लगेच काही करू नका. माऊसकडे जाणारा हात मागे घ्या.

ही शांतता कसली आहे?

रात्रीचे तीन वाजलेत, लोक झोपलेत, म्हणून काही घडत नाहीये? की पुष्कळ घडतंय, आणि ते सगळं वाटेत कुठेतरी अडकून पडलंय?

स्क्रीन दोन्ही वेळी सारखीच दिसते. रिकामी, स्वच्छ. एकही लाल ओळ नाही.

या न कळण्यापाशी थोडं बसा. घाई नाही.

आता या शांततेत एक छोटीशी गोष्ट सोडू या.

लॉगस्टॅशच्या कॉन्फिग फाइलमध्ये, इनपुटच्या भागात, हार्टबीट नावाचं प्लगइन लिहा. वेगळं काही सांगितलं नाही, तर ते दर 60 सेकंदांनी एक संदेश सोडतं. संदेशात एवढंच असतं : ओके.

ना कुठला ग्राहक, ना कुठली चूक. त्यात सांगण्यासारखं काहीच नाही.

त्याच्याकडे पाहा. तो निघतो. फिल्टरमधून जातो. आउटपुटपाशी येतो. इलास्टिकसर्चच्या इंडेक्समध्ये शिरतो, आणि साधारण सेकंदाभरात शोधल्यावर सापडतो.

पोचला.

पुढचा यायला मिनिट आहे. घड्याळ पाहू नका, श्वास मोजा. स्वस्थ बसलेल्या माणसाचे मिनिटाला बारा ते वीस श्वास होतात. तुमचे किती, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

श्वास आत. श्वास बाहेर.

पुन्हा.

पुन्हा.

ठोका आला. ओके.

ही रीत जुनी आहे. 1980च्या दशकात, कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली इथे, एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या मेल पोचवणाऱ्या प्रोग्रामच्या जोडीने सिसलॉग लिहिलं. पुढे युनिक्स आणि लिनक्स यंत्रांवरचे सिसलॉग दर 20 मिनिटांनी फाइलमध्ये एक ओळ टाकू लागले. दोन आडव्या रेघा, मधे 'मार्क', पुन्हा दोन रेघा.

अशी एक फाइल मनात उघडा. रात्रभर दुसरं काहीच घडलेलं नाही. मार्कखाली मार्क, मार्कखाली मार्क. 2:40. 3:00. 3:20.

त्याखाली काही नाही.

3:20 आणि 3:40 यांच्या मध्ये केव्हातरी ते यंत्र गेलं. कोरी जागा आता बोलते, आणि किती वाजता ते सांगते. जरा वेळ या कोऱ्या जागेकडे पाहा.

आता आपल्या ठोक्याकडे परत या. या वेळी तो पोचतो कुठे ते पाहू नका. निघतो कुठून, ते पाहा.

तो लॉगस्टॅशच्या पोटातच जन्मतो. म्हणजे त्याला लॉगस्टॅशपासून पुढचीच वाट ठाऊक आहे. मागे, एकेका सर्व्हरवर बसून फाइली वाचणारं फाइलबीट कधीचं बंद पडलेलं असेल, तरी याला त्याची खबर नाही. हा आपला येतच राहतो.

ओके. ओके. ओके.

ऐका. खोटं बोलत नाहीये तो. अर्ध्या वाटेवरून बोलतोय, इतकंच.

म्हणून मागे चला. सावकाश. लॉगस्टॅशच्या मागे काफ्काची रांग, तिच्या मागे फाइलबीट, त्याच्या मागे पहिला सर्व्हर. जिथे खरी ओळ जन्मते, तिथवर जा.

तिथे क्रॉनला सांगा : दर मिनिटाला, लॉगर या साध्या कमांडने, सिसलॉगमध्ये एक ओळ लिही. ओळीत सर्व्हरचं नाव असू दे. ओळखीसाठी एक टॅग असू दे, नाहीतर दिवसाकाठी 1,440 ठोके ग्राहकांच्या हिशेबात मिसळतील.

आता तिला सोडून द्या.

तिच्यासाठी वेगळी, मोकळी वाट काढू नका. तसा मोह होतो खरा. पण ती बाकीच्या ओळींच्या गर्दीतूनच जायला हवी, आणि गर्दी अडली तर तिच्यासोबत अडायला हवी. मला या सगळ्या मांडणीत हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

अडणं कसं असतं, ते पाहू या.

पार पुढच्या टोकाला डिस्क भरत चाललीय. 90 टक्के. 93. 95. मूळ सेटिंग तसंच असेल, तर इथे इलास्टिकसर्च त्या डिस्कवरच्या इंडेक्समध्ये लिहू देणं बंद करतं.

लॉगस्टॅश पुन्हा प्रयत्न करतं. पुन्हा करतं. त्याची आतली रांग भरते. मग ते मागून नवं घेणं थांबवतं. काफ्कात ओळी साचत जातात.

कुणीही आरडाओरडा करत नाही. जो तो आपापल्या जागी, शिस्तीत, वाट पाहतोय.

आणि त्यांच्यात आपली ती ओळही आहे. तिच्याजवळ थांबा.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता दुसऱ्या टोकाला येऊन बसा, जिथे ठोके पोचतात. इथे एकच प्रश्न विचारत राहायचं : या सर्व्हरचा शेवटचा ठोका किती जुना आहे?

10 सेकंद. 30. 50. नवा ठोका येतो, आकडा खाली उतरतो. पुन्हा 10. पुन्हा 30. चढतो, उतरतो. तुमचा श्वासही त्याच्यासोबत चढू दे, उतरू दे.

एखादा ठोका उशिरा येईल. 70. 80. येऊ दे. एका ठोक्यासाठी कुणाची झोप मोडू नका. तीन चुकले, 180 सेकंद उलटले, तर मात्र उठवा. कुणी पाच-पाच सेकंदांचा ठोका लावतात. मला तो धसमुसळा वाटतो. मिनिट पुरे.

इथे एक आकडा जरा निरखून पाहण्यासारखा आहे.

मुंबईतल्या एका सर्व्हरवर भारतीय वेळ लावलीय. दुपारचे अडीच वाजलेत. जुन्या धाटणीच्या सिसलॉगमध्ये ओळीच्या सुरुवातीला महिना, तारीख आणि वेळ असते. साल नसतं. टाइमझोनही नसतो.

लॉगस्टॅश कंटेनरमध्ये आहे, युटीसीवर. ते 14:30 वाचतं, आणि युटीसीचे 14:30 समजतं. युटीसीत या क्षणी सकाळचे 9 वाजलेत.

ठोका साडेपाच तास पुढून येतो. अजून न उगवलेल्या वेळेतून.

त्याचं वय काढा. उणे 19,800 सेकंद.

या आकड्यापाशी थांबा. घाबरू नका, हसूही नका. अलर्टचा नियम म्हणतो, वय 180च्या वर गेलं तर सांग. उणे 19,800 तर 180पेक्षा कितीतरी खाली. नियम समाधानी आहे.

समजा, तो सर्व्हर याच मिनिटाला बंद पडला. वय वाढू लागतं. उणे 19,740. उणे 19,680. डॅशबोर्ड हिरवा आहे. चार वाजतात, चहा येतो. हिरवा. सहा वाजतात, ऑफिसची बस निघते. हिरवा. रात्री आठ वाजून गेल्यावर आकडा 180 ओलांडतो.

एवढा वेळ त्या हिरव्या रंगाकडे पाहत राहा. तो नेमकं काय दाखवत होता?

मग नियमात भर घाला : वय शून्याच्या खाली गेलं, तरीही सांग. आणि ओळीवर दोन्ही वेळा राहू द्या. लिहिली तेव्हाची, पोचली तेव्हाची.

आता लक्ष आणखी आत वळवा. ठोका ऐकणाऱ्याकडे.

तोही थकतो. शेवटचा ठोका किती जुना, असं विचारलं आणि इलास्टिकसर्चकडून काहीच उत्तर आलं नाही, तर? उत्तर नाही म्हणजे तक्रार नाही, असं समजणारे नियम पुष्कळ असतात. तुमचा तसा आहे का, ते पाहा.

ऐकणारा पाइपलाइनच्या बाहेर बसवा. दुसऱ्या यंत्रावर. शक्य तर दुसऱ्या जागी. प्रोमिथियस वापरणारे वॉचडॉग नावाचा एक अलर्ट कायम वाजता ठेवतात. तो सतत बाहेरच्या कुणाकडे तरी जात राहतो, आणि यायचा थांबला की बाहेरचा माणूस उठतो.

कायम वाजणारा अलर्ट. क्षणभर त्याचं वाजणं ऐका.

आता एकच काम उरलं. दिवसाढवळ्या, टीमला सांगून करायचं.

सर्व्हरवर जा. क्रॉनमधल्या त्या ओळीपुढे हॅश टाका.

ठोका थांबला. तुम्हीच थांबवला.

हात पुन्हा मांडीवर. फोन समोर ठेवा, आवाज चालू करून.

60. श्वास आत. 90. श्वास बाहेर. 120. काही करायचं नाही. 150. नुसतं ऐकायचं. 180. नियम मिनिटातून एकदाच पाहत असेल, तर चौथं मिनिटही जाऊ द्या.

फोन वाजला, तर उचला. अलर्ट आपला आहे म्हणून सांगा, आणि हॅश काढा.

पाच मिनिटं झाली आणि वाजला नाही, तर उठा. अलर्ट ज्या नंबरवर जातो तो पाहा. तो माणूस कदाचित कधीच नोकरी सोडून गेलाय.