रिकाम्या हाताने निरोप देऊ नका

वचनाधार : अनुवाद, अध्याय १५ वा, वचने १२ ते १५



वर दर्शविलेल्या वचनांत मोशे इस्राएल लोकांस चाकरांविषयी एक आज्ञा सांगतो. एखाद्या बंधूने सहा वर्षे चाकरी केली, म्हणजे सातव्या वर्षी त्यास मोकळे करावे. परंतु तेवढ्याने धन्याचे काम संपत नाही. घरी जाणाऱ्या त्या माणसाच्या ओटीत धन्याने आपल्या कळपातले, आपल्या खळ्यातले व आपल्या द्राक्षकुंडातले काही घालावे, आणि तेही हात आखडून नव्हे. ह्याचे कारणही मोशे सांगतो. तुम्ही स्वतः मिसर देशात दुसऱ्याचे दास होता आणि परमेश्वराने तुम्हांस सोडविले, हे विसरू नका. चाकराकडून काम कसे घ्यावे एवढेच देवाने शिकविले नाही. चाकरी संपते त्या दिवशी धन्याने कसे वागावे, हेही त्याने शिकविले आहे.

हा विषय आज घेण्याचे कारण मुठा खोऱ्यातील बंधूंस समजेल. मुठा हे आपल्या मुळशी तालुक्यातील गाव पिरंगुटहून टेमघर धरणाच्या अंगाने लवासाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे. पूर्वी येथील गरीब माणसाचे काम म्हणजे भाताची लावणी, कापणी आणि गुरे राखणे. दुसऱ्याच्या शेतावर राबणारे पुष्कळ व धनी थोडे, अशी स्थिती होती. आता ह्या रस्त्याच्या कडेने चहाची दुकाने, खानावळी, किराणा मालाची व पंक्चर काढण्याची दुकाने झाली आहेत. ती चालविणाऱ्यांत कालचे मजूरही आहेत. दोन, तीन, फार तर चार माणसे त्यांच्या हाताखाली काम करितात. ज्याच्या बापाने आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात हजेरी दिली, तो आज स्वतः हजेरीची वही ठेवितो. ही देवाची कृपा आहे. परंतु कृपेबरोबर जबाबदारीही येते.

रस्त्यावरचा धंदा रस्त्याच्या वर्दळीवर जगतो. पावसाळ्यात शनिवारी व रविवारी पुण्याकडील माणसांची रीघ लागते. पाऊस ओसरला की गल्लाही ओसरतो. लवासाचे बांधकाम चालू असता ह्या वाटेवर वर्दळ होती. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने ते काम थांबविण्यास सांगितले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्या कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायाधिकरणापुढे गेले. पुढे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा तर येथलेच नव्हे, सर्व देशाचे रस्ते ओस पडले. अशा वेळी लहान धनी रात्री वही उघडून बसतो. चार माणसांचा पगार द्यावयाचा आहे, आणि काम व पैसा दोघांपुरताच आहे. त्याने काय करावे?

प्रथम हे स्पष्ट सांगतो की, काम नसताना माणूस कमी करणे किंवा त्याचे तास कमी करणे हे स्वतः पाप नव्हे. बुरूज बांधण्यापूर्वी खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूनेच शिकविले आहे. दयेच्या नावाखाली चौघांनाही ठेवून घ्यावे आणि तीन महिने कोणासही पगार देऊ नये, ही दया नव्हे; ती चौघांची फसवणूक आहे. धंदा बसला तर त्यात पाप नाही. बसलेल्या धंद्याचा सारा भार, न बोलता, अंधारात, सर्वांत दुबळ्याच्या डोक्यावर ठेवून आपण बाजूस होणे, ह्यात पाप आहे.

हा दोष मी दुसऱ्यांच्या ठायी दाखवीत नाही, माझ्याच ठायी दाखवितो. काही वर्षांपूर्वी मी एका मंडळीत सेवा करीत होतो. त्या साली वर्गणी फार कमी जमली. प्रार्थनामंदिराची झाडलोट करण्यास एक विधवा बाई आठवड्यातून सहा दिवस येत असे. पंचांनी ठरविले की तिने ह्यापुढे दोनच दिवस यावे. तो ठराव टाळता आला नसता, असे मला आजही वाटते. परंतु तो तिला सांगावा कोणी? मला संकोच वाटला. मी राखणदाराकरवी निरोप धाडिला की, उद्यापासून रोज येऊ नको, बोलावू तेव्हा ये. निरोप तिला पोचलाच नाही. दुसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणे आली. दार बंद होते. केरसुणी घेऊन ती पायरीवर बसून राहिली, आणि शेवटी शेजारच्या मुलाने तिला खरी गोष्ट सांगितली. येत्या रविवारी ती आपल्या नेहमीच्या जागी उपासनेस बसली होती. मी त्या दिवशी प्रीतीवर उपदेश केला.

पुष्कळ दिवसांनी मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “पाळकसाहेब, दिवस कमी झाले त्याचं मला काही नाही. कमी पडणं आमच्या घराला नवं नाही. पण तुम्ही दारात उभं राहून दोन शब्द बोलला असता, तर घरी जाऊन पोरांना काय सांगायचं ते मला कळलं असतं.” ह्या शब्दांनी मला जे शिकविले, त्याच्या आधाराने मी पुढील चार गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट ही की, तोट्याचा पहिला वाटा धन्याने उचलावा. चाकराचा दिवस कापण्यापूर्वी आपल्या घरचा कोणता खर्च कापला, हे त्याने देवासमोर स्वतःस विचारावे. दारात नवी मोटरसायकल उभी राहते, मुलाच्या लग्नात वाजंत्री वाजते, आणि त्याच महिन्यात भांडी घासणाऱ्या पोराचे चार दिवस कमी होतात. अशा धन्याने मंदीचे नाव सांगू नये. धनी स्वतः उणे झालेला चाकरास दिसला, तर त्याचे उणे चाकर समजून घेतो. बहुधा तो आपण होऊन म्हणतो, “मालक, ह्या महिन्यात मला थोडं कमी द्या.” परंतु असे म्हणण्याची पाळी त्याची आहे, ते त्याच्या तोंडून वदविण्याचा अधिकार आपणास नाही.

दुसरी गोष्ट ही की, उणे वाटून घ्यावे, आणि वाटणी करण्यापूर्वी सर्वांस एकत्र बसवावे. भाताच्या लावणीत सावड कशी चालते, हे शेतावर राबलेल्या माणसास सांगावयास नको. आज माझ्या खाचरात सगळे, उद्या तुझ्या खाचरात सगळे. एकट्याच्या पाठीवर सर्व चिखल पडत नाही. धंद्यातही असे करिता येते. चौघांपैकी दोघांस घरी बसविण्याऐवजी चौघांनी आठवड्यातून तीन तीन दिवस यावे, असे ठरविता येईल. कधी हे जमणार नाही, कारण तीन दिवसांच्या रोजावर कोणाचेच घर चालणार नाही. एखाद्याच्या घरी शेत असेल व तो म्हणेल, “मी चार महिने शेत बघतो, ह्या बाईला राहू द्या, तिला दुसरा आधार नाही.” हे धन्यास वहीतून कळत नाही, माणसांस विचारल्यानेच कळते. टाळेबंदीत २९ मार्च २०२० रोजी सरकारचा हुकूम निघाला होता की, धन्यांनी कामगारांस पगार न कापता द्यावा. मे महिन्यात तो मागे घेण्यात आला. ह्याविषयीचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, तेव्हा १२ जून २०२० रोजी न्यायालयाने धनी व कामगार यांनी आपसांत बोलून तोडगा काढावा, असा मार्ग दाखविला. देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायासनाने जे सुचविले, ते आपणांस चहाच्या दुकानात करणे कठीण का वाटावे?

तिसरी गोष्ट ही की, जे सांगावयाचे ते समोर उभे राहून, स्पष्ट शब्दांत व वेळेवर सांगावे. लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील कारभाऱ्याची गोष्ट आठवा. त्याचे काम जाणार, हे त्यास आधी कळले. तो कपटी होता, त्याचे अनुकरण आपण करू नये. परंतु त्याची चिंता पाहा. खणण्याचे बळ अंगी नाही आणि भीक मागण्याची लाज वाटते, असे तो मनाशी बोलतो. काम जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मनात हीच चिंता असते. त्यास चार आठवडे आधी कळले, तर तो दुसऱ्या दारी विचारील, उधारी आवरील, मुलाची फी भरण्यास मुदत मागेल. “सध्या येऊ नको, बघू पुढं,” असे अर्धवट बोलून त्यास टांगून ठेवणे क्रूरपणाचे आहे, कारण आशेपोटी तो दुसरे काम शोधीत नाही. कामात त्याचा दोष नसेल, तर तेही चौघांदेखत सांगावे. नाही तर गावात बोलणे उठते की, ह्याने काही तरी चोरले असेल.

चौथी गोष्ट हिशेबाची. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याच्या आत द्यावी, असे अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितले आहे. आणि अडकवून ठेवलेली मजुरी धन्याविरुद्ध देवाजवळ ओरड करिते, असा इशारा याकोब आपल्या पत्रात देतो. सरकारचा कायदाही येथे आपणांस आळशी राहू देत नाही. कामावरून कमी केलेल्याचा पगार दोन कामाच्या दिवसांच्या आत चुकता करावा, असा नियम १९३६ च्या पगाराच्या कायद्यात होता व २०१९ च्या वेतनसंहितेतही आहे. बारा महिन्यांत २४० दिवस भरलेल्या कामगारास काम नाही म्हणून कमी करावयाचे असेल, तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा, आणि शिवाय प्रत्येक पुऱ्या वर्षास पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा. सामान्यतः शेवटी लागलेला आधी कमी करावा, आणि पुन्हा जागा निघाली तर कमी केलेल्यास आधी बोलवावे. हे नियम १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली घालण्यात आले, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते ठेविले आहेत. आपल्या धंद्यास कोणता नियम कसा लागतो, हे पुण्यास कामगार खात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावे. “आमचा धंदा लहान, आम्हांस कोण विचारतो,” असे कोणी म्हणू नये. विचारणारा आहे, आणि त्याच्यापुढे वही लपविता येत नाही.

येथेच उचलीविषयी एक शब्द बोलतो. पुष्कळ चाकरांच्या नावावर उचल असते. निरोपाच्या दिवशी धनी सर्व उचल एकदम कापून घेतो व माणूस शून्य घेऊन घरी जातो. ती रक्कम धन्याची आहे, हे खरे. परंतु ती घेण्याचा तोच दिवस आहे काय? मोशे धन्यास खळ्यातून द्यावयास सांगतो, आणि आपण त्याच्या पदरातले काढून घेतो. उचल हप्त्यांनी फेडून घ्यावी. जमल्यास काही सोडावी. देण्यास पैसा नसेल तर पायलीभर तांदूळ द्यावे, दुसऱ्या दुकानदारास चिठ्ठी द्यावी, त्याच्याबरोबर चार पावले जाऊन त्याच्यासाठी शब्द टाकावा. चांगल्या माणसाविषयी चांगला शब्द सांगण्यास गल्ला भरलेला असावा लागत नाही.

ज्यांचे काम गेले आहे अशा बंधूंसही सांगतो. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील बाजारात सायंकाळपर्यंत उभ्या असलेल्या मजुरांस प्रभूने आळशी म्हटले नाही. त्यांस कोणी कामावर लाविले नव्हते, एवढाच त्यांचा अपराध. तुमच्या हातांची किंमत तुमच्या धन्याच्या गल्ल्यावरून ठरत नाही. कडूपणाने मालकाचे नुकसान करू नका. आपला हक्क मात्र नम्रपणे व निर्भयपणे मागा, आणि घरी खोटे सांगून निघू नका. बायकोस खरे सांगा. दुःख दोघांनी उचलले तर मद्याच्या दुकानाची वाट धरावी लागत नाही.

उपदेशक बंधूंनो, तुमचे काम येथे मोठे आहे. मंडळीत धनी व चाकर एकाच सतरंजीवर बसतात. कोणाचे काम गेले, हे तुम्हांस गावात सर्वांआधी कळते. त्या घरी त्याच आठवड्यात जा. प्रार्थना करा, आणि प्रार्थना झाल्यावर डब्यात पीठ आहे की नाही, तेही विचारा. मग धन्याच्या घरीही जा. तोही बहुधा रात्री झोपलेला नसतो. त्याच्याशी न्यायाधीशासारखे नव्हे, भावासारखे बोला. आणि मंडळीच्या पंचांनी आपल्याच दारातील झाडणारी बाई, राखणदार व स्वयंपाकीण यांच्याविषयी आधी विचार करावा. आपल्या घरी जे करीत नाही, ते दुसऱ्यास सांगण्यास तोंड राहत नाही, हे मी त्या पायरीवरून शिकलो.

ती पायरी मी अद्याप विसरलो नाही. ज्या बंधूस ह्या महिन्यात कोणास तरी कमी करावयाचे आहे, त्यास माझी विनंती आहे की, निरोप दुसऱ्याकरवी धाडू नका. आज रात्री त्या माणसाचे नाव घेऊन प्रार्थना करा, उद्या सकाळी स्वतः त्यास गाठा, आणि तो घरी जाऊन मुलांस काय सांगेल, ह्याचा विचार करून मग बोला. ज्या प्रभूने आपणांस दास्यातून सोडविले व रिकामे पाठविले नाही, तो तुमच्या जिभेस योग्य शब्द देवो, आणि तुमच्या हातास मोकळेपणा देवो. आमेन.