क्षमेचा हिशेब

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

बँकेत चौतीस वर्षं कारकुनी केली. दिवसाचा जमाखर्च जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. यंदा अंकासाठी लिहायला बसलो, तेव्हा ठरवलं की जो हिशेब मला बरीच वर्षं जुळवता आला नाही, तोच वाचकांपुढे मांडावा.

आमच्या वसाहतीत एक ताई भिशी चालवायच्या. गुरुवारच्या आरतीचा प्रसाद बहुतेक वेळा त्यांच्याच घरचा, त्यामुळे विश्वास पक्का. वीस-बावीस घरांचे पैसे त्यांच्याकडे. माझे ८५,००० रुपये, मुलीच्या लग्नासाठी बाजूला काढलेले. ताईंनी ते सगळे नवऱ्याच्या बुडत्या धंद्यात घातले आणि दोन वर्षं आम्हाला खोटे आकडे दाखवत राहिल्या. केस झाली. वहीतली खाडाखोड कोर्टाला समजावून सांगणारा साक्षीदार मीच होतो. शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी येरवड्याच्या महिला कारागृहात झाली. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी बरंच वाटलं.

सव्वा वर्षानं त्यांचा बारा वर्षांचा मुलगा दारात उभा राहिला. आजीचे गुडघे गेलेले, मामा लांब गावी. बाप एकदा भेटून आला, तो पुन्हा गेलाच नाही. "काका, आईला भेटायला बरोबर मोठं माणूस लागतं. तुम्ही याल का?" मी गप्प. आतून सौ. म्हणाली, "जा की. पोरानं कुठली भिशी बुडवलीय?"

तिच्या त्या एका वाक्यानं मी अडकलो. कर्जाला जामीनदार लागतो आणि जामीनदाराची सही लागते. या पोरानं कुठं सही केली होती? तरी वसुली त्याच्याकडून चालूच होती. शाळेत, जिन्यात, आरतीच्या रांगेतसुद्धा.

गेलो. ओळखपत्र, नोंद, झडती, मग वाट पाहणं. आपल्या देशात शंभर कैद्यांमागे बायका साधारण चार. पण त्यांच्या वाट्याला येणारं एकटेपण या आकड्यात दिसत नाही. पुरुष आत गेला की बायको मंगळसूत्र मोडते, पण मुलाखतीला जाते. बाई आत गेली की पुष्कळ घरं तिचं नाव घेणंच सोडतात. मध्ये काच, दोन्हीकडे फोन. पोरगं बोललं, मग फोन माझ्या हातात दिला. ताई म्हणाल्या, "दादा, तुम्ही कशाला आलात?" मी म्हटलं, "पोराबरोबर आलोय." पुढं दोघांनाही सुचेना. शेवटी त्याच म्हणाल्या, "शिवण शिकतेय." वेळ संपली.

पुढच्या गुरुवारी भजनी मंडळात ही गोष्ट निघाली. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "अवधूतानं चोवीस गुरू केले, त्यात कपोत आहे. पिलांच्या मोहानं जाळ्यात उडी घेणारा. तुम्ही तर मोहाच्या भेटी घडवून आणताय." त्या वेळी उत्तर सुचलं नाही. रात्री वाटलं, कपोतानं जाळ्यात उडी घेतली हे खरं. पण मुलाखतीला जाणारा जाळ्यात उतरत नाही. तो बाहेर उभा राहून सांगतो की बाहेर तुझं कोणी आहे. आणि त्याच चोवीसांत पिंगला आहे. देहविक्रय करणारी बाई. एका रात्री तिला विरक्ती आली आणि अवधूतानं तिला गुरू मानलं. तिची मागची वही उघडून पाहिली नाही. आपण आरतीत ज्याला हात जोडतो त्यानं हे केलं, आणि आपल्याला शिक्षा भोगत असलेल्या बाईच्या पोराला प्रसाद देताना हात आखडता घ्यावासा वाटतो.

आता मुख्य प्रश्न. मी ताईंना क्षमा केली का? आणि क्षमा म्हणजे पैसे सोडून देणं का?

इथं मला बँकच उपयोगी पडली. बुडीत कर्ज बँक 'राइट-ऑफ' करते, मराठी परिपत्रकात त्याला निर्लेखन म्हणतात. लोकांना वाटतं कर्ज माफ झालं. तसं नसतं. बँक आपल्या ताळेबंदातून तो आकडा काढते, कारण न येणारी रक्कम मालमत्ता म्हणून दाखवत राहणं हा स्वतःलाच दिलेला धोका असतो. कर्जदाराचं देणं मात्र उभंच राहतं, आणि पुढं वसुली आली तर बँक ती उत्पन्नात जमा धरते. मला वाटतं क्षमा याच जातीची आहे. माझ्या मनाच्या ताळेबंदात मी तो राग मालमत्तेसारखा जपून ठेवला होता. तो मी काढायचा. त्यांचं देणं फेडायची वाट मात्र बंद करायची नाही.

ज्याचं माणूसच गेलं, त्याला हे सांगायचा अधिकार मला नाही. माझे फक्त पैसे गेले होते.

सरकारी पाटीवर 'कारागृह व सुधारसेवा' असं लिहिलेलं असतं. सुधार म्हणजे काय, हे मला तिथल्या काही गोष्टींवरून थोडं कळलं. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ आत राहू शकतं, त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली नियम घालून दिले. मोठ्या मुलांसाठी 'गळाभेट' नावाचा उपक्रम होतो, त्या दिवशी मध्ये काच नसते. १ मे २०२२ रोजी राज्य सहकारी बँकेनं येरवड्यात कैद्यांसाठी 'जिव्हाळा' कर्जयोजना सुरू केली, ५०,००० रुपयांपर्यंत, व्याज ७ टक्के. बातमी वाचून मी हसलो होतो, तारण काय घेणार म्हणून. पण १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत झाली, तिथं तरी तारण काय होतं? भरवसाच. त्यावरूनच पुढं १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' आला.

गळाभेटीच्या दिवशी मी बाहेर थांबलो. पोरगं आलं ते डोळे लाल करून, पण ताठ चालत. दोन महिन्यांनी ते पुन्हा घरी आलं. आईनं आतल्या मजुरीतून आजीला पैसे पाठवले होते. त्यातली पाचशेची नोट त्यानं पुढं केली. "आईनं सांगितलंय, पहिला हप्ता."

सौ. नको नको करू लागली, "त्याच्या वह्यांना होतील." माझाही हात मागं गेला. मग वाटलं, नाकारलं तर मी थोर ठरेन, पण त्या बाईला कायमची बुडवी ठरवून. फेडता येतं, एवढंच तर ती आत बसून शिकत होती. मी नोट घेतली. जुन्या सवयीनं पावती लिहिली: रु. ५०० मिळाले, बाकी रु. ८४,५००. पोरानं ती नीट घडी करून खिशात ठेवली, पुढच्या मुलाखतीत आईला दाखवायला.

बाकी माझ्या हयातीत फिटणार नाही, हे गणित मला येतं. तरी आता रात्री वही मिटताना काही राहून गेलंय असं वाटत नाही. गुरुवारी ते पोरगं आरतीला माझ्या शेजारी उभं राहतं. तुमच्याही वसाहतीत असं एखादं पोर असेल, तर त्याला जागा करून द्या, एवढीच विनंती.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.