कुणासमोर, कोणत्या वेळी

तेल्हाऱ्याकडे सोयरीक जुळवायची म्हटली की पाहुणे आधी पोराच्या गावात चौकशी करतात. पानटपरीवर विचारणा होते, "पोरगं कसं हाये?" उत्तर ठरलेलं, "लय शांत. कोनाच्या अध्यात ना मध्यात." पाहुण्यांचं समाधान होतं. पण कापसाचा भाव पडला त्या दिवशी हाच पोरगा घरी कसा वागतो, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते खरी चौकशी तिथून सुरू व्हायला हवी.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ साली तोवरचं संशोधन तपासून दाखवलं, की एका प्रसंगातल्या वागण्यावरून दुसऱ्या प्रसंगातलं वागणं फार थोडं सांगता येतं. परीक्षेत कॉपी करणारा मुलगा खेळातही लबाडी करेलच असं नाही. मग स्वभाव म्हणून काही असतं की नाही, यावरच वाद पेटला.

असतं. मिशेल, युइची शोदा आणि जॅक राइट यांनी मुलांच्या उन्हाळी शिबिरात बारकाईनं नोंदी ठेवल्या. सोबत्यानं चिडवलं, सोबती आपणहून जवळ आला, मोठ्यांनी शाबासकी दिली, ताकीद दिली, शिक्षा केली, अशा वेळी कोण कसं वागतं ते टिपलं. १९९४ साली निष्कर्ष छापून आले. सगळा हिशेब केला तर दोन मुलं सारखीच भांडखोर ठरत. पण एक मोठ्यांनी दटावलं की उसळायचा, दुसरा सोबती प्रेमानं जवळ आला की. आणि ज्याची जी तऱ्हा, ती पुन्हा पुन्हा तशीच दिसायची. माणूस सरासरीनं शांत किंवा तापट असतो, हेही खरंच. वर्षानुवर्षांच्या पाहण्यांतून ते दिसलं आहे. पण सोबत्याच्या मायेनं बिथरणारं पोर त्या सरासरीत हरवून जातं, आणि मला काळजी त्याची वाटते.

आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा पाहा. पाया पडायला कुणी वाकलं की ते काठी उगारत. लुळ्यापांगळ्यांना मात्र स्वतः जेवू घालत. पंढरपूर, नाशिकला त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, पण घरच्यांना त्यात हक्क ठेवला नाही. रागीट म्हणावं की मायाळू? दोन्ही शब्द अपुरे पडतात. माणूस लाचार होऊन वाकला तर संताप आणि परिस्थितीनं वाकवलेला असला तर माया, अशी जोडी लावली की बाबा एकसंध दिसतात.

म्हणून गुरुजींनी "तुमचं पोरगं आगाऊ आहे" असं सांगितलं, तर बापानं घरी येऊन लगेच हात उगारू नये. गणिताच्या तासाला की मधल्या सुट्टीत? मित्रांसमोर की एकटं असताना? बाप पेरणीच्या कर्जापायी बेजार असतो त्या आठवड्यांत जास्त का? एवढं विचारायला फार शिक्षण लागत नाही, गुरुजींसोबत दहा मिनिटं बसावं लागतं.