दुसऱ्याच्या चुलीचें चित्र

पटकथा लिहावयास शिकणें म्हणजे प्रथम बरेंचसें न लिहिण्यास शिकणें होय. 'त्याला मनस्वी वाईट वाटलें' असें लिहून कादंबरीकार मोकळा होतो. पटकथाकारास ती सोय नाहीं. स्थळ कोणतें, घराच्या आंत कीं बाहेर, दिवस कीं रात्र हें आधीं मांडावयाचें, आणि मग जें डोळ्यांस दिसेल व कानांस ऐकूं येईल तेवढेंच लिहावयाचें. एक पान म्हणजे पडद्यावरचें सुमारें एक मिनिट, असा ठोकताळा आहे. ह्या शिस्तींत नीतीचाहि एक धडा आहे असें आम्हांस वाटतें. कारण दुसऱ्याची कींव करण्यापूर्वीं त्याच्याकडे नीट पाहणें तींत भाग पडतें. परंतु जें दिसलें तें सारें दाखविण्याचा अधिकार लेखकास असतो काय ?

अहमदनगर जिल्ह्यांत (२०२४ पासून अहिल्यानगर) हा प्रश्न पुस्तकी राहत नाहीं. येथील न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयाच्या संज्ञापन अभ्यास विभागांत शिकत असतां नागराज मंजुळे ह्यांनीं 'पिस्तुल्या' हा लघुपट केला आणि त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. असें उदाहरण जवळ असतां आपल्या वस्तीवरची गोष्टहि पडद्याच्या योग्यतेची आहे असें खेड्यांतल्या मुलांस वाटलें, तर नवल नाहीं.

आमच्या परिचयाचा असाच एक तरुण पाथर्डी तालुक्यांतला. तेथलीं अनेक कुटुंबें दरवर्षीं ऊसतोडीस जातात आणि घरीं म्हातारीं माणसें राहतात. त्यानें शेजारच्या आजीवर एक प्रसंग लिहिला. तिन्हीसांजेस फडावरून मुलाचा फोन येतो. "जेवले रे, तू जेव," असें ती सांगते. तिच्या पाठीमागें चूल थंड आहे. बस्स, एवढेंच. दुःख हा शब्दहि त्यांत नव्हता. आम्हीं त्याची पाठ थोपटली.

त्यानें तें पान आजीला वाचून दाखविलें. ती म्हणाली, "हे काढ, लेकरा. त्याला कळलं तर पुढल्या साली त्याचा पाय घरातनं निघायचा न्हाई. मग उचल कशी फिटायची ?"

नांव आणि गांव बदल, पण प्रसंग गाळूं नकोस, असा सल्ला आम्हीं दिला. तो म्हणाला, "नांव बदललें तरी चूल ओळखूं येते."

आमच्याहि बाजूस कांहीं आधार होता. मंजुळे ह्यांच्याच 'फँड्री'चें (२०१३) उदाहरण घ्या. कैकाडी बोलींत फँड्री म्हणजे डुक्कर. जब्याच्या कुटुंबास गांवादेखत डुकरें धरावीं लागतात, आणि शेवटीं त्याचा धोंडा थेट प्रेक्षकांच्या रोखानें येतो. ती अवहेलना झांकून ठेवली असती तर सोय कोणाची झाली असती ? गांवाची. मग आजीची उपासमार तरी कां झांकावी ?

ह्याचें उत्तर आम्हांस उशिरां सुचलें. उपासमार आणि तिचीं कारणें चारचौघांचीं आहेत. मुकादमाची उचल, कोरडवाहू रान, दाराला लागलेलें कुलूप हें सारें लिहावें, निर्भीडपणें लिहावें. तें 'जेवले रे' मात्र आजीचें स्वतःचें होतें. जब्यावरची अवहेलना गांवानें लादलेली होती. आजीची लपवणूक तिनें स्वतः पत्करलेली होती, आणि तिच्या हातीं उरलेली सत्ता काय ती तेवढीच होती. स्वतःचें मर्म उघडें करण्यास लेखक मुखत्यार आहे. दुसऱ्याचें मर्म ही त्याच्याकडे आलेली ठेव आहे.

तरुणानें तें पान काढून टाकलें. पटकथा फिकी झाली, हें आम्हांस कबूल केलें पाहिजे. त्या जागीं दुसरें तसें कांहीं त्यास सांपडलें नाहीं. दोन वर्षें तें पान पेटींत पडून राहिलें. पुढें मुलाची उचल फिटली, त्याला गांवाजवळच काम मिळालें, आणि एके दिवशीं जेवतांना आजीनेंच त्याला सारें सांगून टाकलें. दुसऱ्या दिवशीं ती ह्या तरुणाच्या दारांत आली नि म्हणाली, "आता घाल तुझं ते."

हा प्रसंग आम्हीं येथें लिहिला, तोहि तिला विचारूनच.